स्लीव्हचा निर्णय हॉर्सपॉवर पाहून घेऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रोजच्या वापरातल्या गाडीची ताकद वाढवण्यावर आपल्या वाहन पुरवणीत जी लेखमाला चालू आहे, तिचा इंजिन ब्लॉकवरचा, म्हणजे सिलिंडर ज्या धातूच्या ठोकळ्यात असतात त्यावरचा, भाग वाचला. भाषा सोपी आहे, आकृत्याही नेटक्या आहेत. माझी तक्रार एका चौकटीबद्दल आहे. 'इतक्या हॉर्सपॉवरपर्यंत मूळ ब्लॉक, त्यापुढे स्लीव्ह (सिलिंडरची मूळ भिंत कापून तिथे बसवलेली नवी जाड नळी)' असा तक्ता तिथे छापलाय आणि त्याखाली लिहिलंय की शंका वाटली तर स्लीव्ह बसवूनच टाकावी, नुकसान काही नाही. माझी सगळी नोकरी बोअरिंग आणि होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्याच्या आणि घासून गोल-गुळगुळीत करण्याच्या, मशीनवर गेली. 'नुकसान काही नाही' हे वाक्य काही घशाखाली उतरेना, म्हणून हे पत्र. जागा कमी पडली तर माझी बडबड कापा, आकडे राहू द्या.

आधी भीती कशाची आहे ते बघू, कारण ती खोटी नाही. आजच्या बहुतेक गाड्यांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांत ओतकामाच्या वेळीच लोखंडी लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या नळ्या, धरून ठेवलेले असतात. त्यातले पुष्कळसे 'ओपन डेक' असतात (डेक म्हणजे ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग), म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची जागा वरून उघडी असते. परातीत पेले उभे ठेवावेत तसे सिलिंडर खाली बुडाशी पक्के आणि वर मोकळे. कारखान्याने असं करण्यामागे कारण आहे. डेक उघडा असला की पोलादी साच्याचा भाग सरळ वर ओढून काढता येतो, वाळूचा गाभा लागत नाही आणि डाय-कास्टिंग झटपट होतं. सिलिंडरच्या वरच्या, सगळ्यात तापणाऱ्या पट्ट्याभोवती पाणीही भरपूर फिरतं. मूळ ताकदीवर या रचनेत काही वावगं नाही. होंडाची बी आणि के मालिका अशीच आहे आणि ही इंजिनं आडदांडपणे चालवून लोकांनी वर्षानुवर्षं वापरली आहेत. याउलट टोयोटाचं २जेझेड किंवा निस्सानचं आरबी२६ हे ब्लॉक पूर्ण लोखंडी आणि वरून बंद आहेत. त्यांच्या नावाचे दाखले देऊन ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला घाबरवण्यात अर्थ नाही. दोन्हींचा हिशोब वेगळा.

आता दाबाचं बघा. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८१ मिलिमीटरचा असेल तर पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ साडेएक्कावन्न चौरस सेंटिमीटर होतं. टर्बो (जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) लावलेल्या इंजिनात जळणाचा सर्वोच्च दाब १०० बारपर्यंत जाणं काही अशक्य नाही. म्हणजे त्या क्षणी पिस्टनवर सव्वापाच टनांचा भार. बोअर ९९.५ मिलिमीटरचा असेल, सुबारूच्या अडीच लिटर टर्बोत असतो तसा, तर तोच दाब जवळजवळ आठ टनांचा भार टाकतो. हा दाब येतो तेव्हा क्रँक वरच्या टोकावरून जेमतेम १० ते १५ अंश पुढे गेलेला असतो आणि पिस्टन खाली उतरलेला असतो एक-दोन मिलिमीटर. सगळा मार सिलिंडरच्या सगळ्यात वरच्या बोटभर पट्ट्यावर बसतो, आणि ओपन डेकमध्ये नेमका तोच पट्टा बाहेरून निराधार असतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन एका बाजूला रेटतो. सिलिंडर त्या बाजूला केसभर डोलतो, हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड यांच्यामधल्या पट्टीची) कडा घासत राहते आणि एक दिवस गॅस्केट जातं. भिंत फुटायची वेळ बहुधा त्यानंतर येते. फुटली की चीर वरून खाली उतरते, पाणी सिलिंडरमध्ये येतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघायला लागतो.

भिंतीवरचा ताण वहीत काढता येतो: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. ८१ च्या बोअरला ३ मिलिमीटर जाडीचा एकटा लायनर धरला तर १०० बारला १३५ मेगापास्कल येतात. साध्या करड्या बिडाची तन्यशक्ती २०० ते २५० च्या आसपास असते आणि लाखो वेळा तोच झटका खाताना ते त्याच्या निम्मंसुद्धा धड पेलत नाही. प्रत्यक्षात लायनरच्या पाठीशी ॲल्युमिनियम असतं, ते भार वाटून घेतं, म्हणून इंजिन टिकतं. पण याच हिशोबात बोअर एक मिलिमीटरने वाढवा. जाडी अडीच उरते आणि ताण १६४ वर जातो. इंजिन उघडलंच आहे तर ओव्हरसाइज पिस्टन टाकू, चार सीसी वाढतील, असं म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. होंडाच्या बी मालिकेत दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर ९० मिलिमीटर आहे. ८१ च्या बोअरला मध्ये ९ मिलिमीटर धातू उरतो, बी२० च्या ८४ च्या बोअरला ६. बी२० चे सिलिंडर फुटण्याबद्दल बदनाम का आहेत, याचं अर्धं उत्तर या वजाबाकीत आहे.

आता तुमच्या तक्त्याकडे येतो. त्यात हॉर्सपॉवर आहे, टॉर्क (क्रँक फिरवणारा पीळ) नाही, आणि माझ्या मते सगळी गफलत इथेच झाली. भिंतीला हॉर्सपॉवर कळत नाही, तिला दाब कळतो. ३०० हॉर्सपॉवर मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर काढायची असेल तर सुमारे २६३ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. तीच ३०० हॉर्सपॉवर ४,५०० फेऱ्यांवर हवी असेल तर ४६८ लागतो. कागदावर दोन्ही गाड्या सारख्या, तुमच्या तक्त्यातही एकाच ओळीत. आत मात्र दुसऱ्या गाडीचा सिलिंडर दर झटक्याला जवळजवळ पावणेदोनपट मार खातो. पहिल्या इंजिनात रॉड आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग यांची काळजी करा, सिलिंडर निवांत असतो. दुसऱ्यात सिलिंडरचीच काळजी. रोजची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची होऊन बसते, कारण मालकाला सिग्नल सुटल्यावर लगेच ओढ हवी असते, म्हणून छोटा टर्बो लागतो आणि २,५०० फेऱ्यांवर पूर्ण बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, मागितला जातो.

आणि नॉकिंग. माझ्या बाकावर जे फुटलेले सिलिंडर आले, त्यांच्यासोबत आलेले पिस्टन मी नेहमी उलटेपालटे करून पाहायचो. माथ्याच्या कडेला वाळू मारल्यासारखे खड्डे किंवा पहिल्या-दुसऱ्या रिंगमधली पट्टी तुटलेली, हेच जास्त दिसायचं. म्हणजे जळण वेळेआधी भडकत होतं आणि दाबाच्या लाटा भिंतीवर आपटत होत्या. अशा इंजिनात कितीही भारी स्लीव्ह बसवा, पुढच्या खेपेला पिस्टन जातो. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर, वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला की होणारं अवेळी प्रज्वलन तर आणखी घातक. त्यावर उपाय तेलात आणि मॅपमध्ये, म्हणजे इंजिनच्या संगणकातल्या इंधन-ठिणगीच्या सेटिंगमध्ये, आहे. २०१८ मध्ये आलेला एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा 'एसएन प्लस' हा तेलाचा दर्जा मुख्यतः याच त्रासासाठी काढला गेला. पैसे हातात असतील तर ते आधी इंधन, इंटरकूलर, नॉक सेन्सर ऐकणारा चांगला ट्यूनर आणि तेलाच्या तापमानाचा गेज यांवर जावेत. ब्लॉकचा नंबर त्यानंतर.

आता 'नुकसान काही नाही' याबद्दल. स्लीव्ह बसवायची म्हणजे मूळ लायनर आणि त्याला बिलगलेलं ॲल्युमिनियम मशीनवर कापून काढायचं. कारखान्यात ओतताना त्या दोघांची जी मिठी बसलेली असते, ती कुठल्याही दाबाच्या फिटिंगने परत येत नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने फुगतं. स्लीव्हचा बाहेरचा व्यास ८८ मिलिमीटर धरा आणि इंजिन थंड अवस्थेतून ८० अंशांनी तापलं असं धरा. दोघांच्या फुगण्यात सात-आठ शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. थंड ब्लॉकमध्ये स्लीव्ह जेवढी घट्ट बसवलेली असते, साधारण तेवढाच हा आकडा आहे. गरम इंजिनात मग स्लीव्ह धरून ठेवायला काय उरतं? वरची कॉलर (स्लीव्हच्या तोंडाची रुंद कडा), खालची पायरी आणि हेडचा दाब. पायरी दोन-तीन शतांशांनी कमीजास्त कापली गेली असेल तर एखादी स्लीव्ह शेजारणीपेक्षा खाली बसते आणि गॅस्केट तिथेच हरतं. शर्यतीच्या गाडीचं इंजिन हंगाम संपला की उघडतात, डेकवर डायल फिरवतात, हवं तर पुन्हा फेसिंग करतात, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापून घेतात. रोजच्या गाडीला ही चैन नाही. ती सकाळी थंड सुरू होते, नीट तापायच्या आत बंद होते, संध्याकाळी पुन्हा तेच. धातूच्या आकसण्या-फुगण्याची आवर्तनं शर्यतीच्या गाडीपेक्षा तिची कितीतरी जास्त होतात.

उष्णतेचंही तसंच. करडं बीड उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतं, मीटरला सुमारे ५० वॉट प्रति अंश. भारी स्लीव्ह असते डक्टाइल आयर्नची, म्हणजे चिवट बिडाची. तिची ताकद करड्या बिडाच्या दुपटी-तिपटीची, हा तिचा खरा गुण. पण उष्णता वाहण्यात ती ३०-३५ वर अडकते, आणि जाडीही जास्त असते. ३ मिलिमीटर करड्या बिडाऐवजी ५ मिलिमीटर डक्टाइल आलं की उष्णतेला होणारा अडथळा अडीचपट होतो. ओली स्लीव्ह असेल, म्हणजे पाणी थेट तिच्या पाठीला लागत असेल, तर हे बरंचसं भरून निघतं. कोरड्या स्लीव्हमध्ये मात्र मागच्या सूक्ष्म फटीची भर पडते. भिंत तापली की आत येणारी हवा तापते आणि नॉकिंग जवळ येतं. निस्सानने जीटी-आरच्या इंजिनात लायनर काढूनच टाकला आणि बोअरवर ०.१५ मिलिमीटरचा लोखंडी थर फवारला, तो उष्णता सुटावी आणि वजन घटावं म्हणूनच. अर्थात त्या ब्लॉकचा डेक बंद आहे, हेही सांगितलं पाहिजे.

मी स्लीव्हच्या विरोधात आहे असा समज होईल, तर तसं नाही. माझी भाकरी लायनरवरच निघाली. ट्रकच्या डिझेल इंजिनात ओला लायनर असतो. तो झिजला की ओढून काढायचा, रबरी रिंगा बदलून नवा घालायचा, डेकच्या वर किती डोकावतो ते मोजायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. तिथे ब्लॉकच लायनरसाठी जन्मलेला असतो. गाडीच्या ब्लॉकमध्ये आपण नंतर जागा तयार करतो, फरक तो.

माझी भाची रोज गाडी घेऊन कामावर जाते. १,८०० सीसीचं ओपन डेक इंजिन, बोअर ८१. तिला टर्बो हवा होता आणि तुमच्यासारखाच एक तक्ता घेऊन ती आली होती. "मामा, इंजिन उघडतोच आहोत तर स्लीव्ह टाकूनच घेऊ ना, नंतर पुन्हा खर्च नको." मी म्हटलं, आधी बोअर गेज आण. चारही सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि आडवे-उभे मोजले. निमुळतेपणा दोन शतांशांच्या आत, गोलाई त्याहून चांगली. चीर शोधायचा रंग मारला, काही निघालं नाही. मग तिला विचारलं, टॉर्क किती हवा आणि कितीव्या फेरीला? याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते तिच्या ट्यूनरकडेही लगेच नव्हतं, हे मला जास्त खटकलं. शेवटी ठरलं असं: ३,५०० फेऱ्यांच्या आत बूस्ट आवरता ठेवायचा, टॉर्कला वरून मर्यादा घालायची आणि ताकद वरच्या फेऱ्यांत काढायची. बोअर वाढवायचा नाही, फक्त होनिंग. रॉड फोर्ज्ड (ओतलेले नव्हे, ठोकून घडवलेले) घेतले. पिस्टन ४०३२ मिश्रधातूचे, कारण त्यात सिलिकॉन जास्त असतं, ते कमी फुगतात आणि क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट) कमी ठेवता येतो. २६१८ चे जास्त चिवट असतात, पण रोज सकाळी थंड इंजिनात खडखड ऐकावी लागते आणि तिला ती नको होती. खालून ओढ कमी मिळाली म्हणून ती अजून कुरकुर करते. तिचं म्हणणं बरोबर आहे, खालची ओढ खरंच कमी आहे.

मग स्लीव्ह कुणी बसवावी? माझा कौल असा. सिलिंडरला चीर गेली असेल किंवा खोल ओरखडे असतील आणि ओव्हरसाइज केल्यावर भिंत फारच बारीक उरणार असेल, तर प्रश्नच मिटला. नवा ब्लॉक मिळत नसेल तर स्लीव्ह. दुसरं, बोअरचा पृष्ठभागच अडचणीचा असेल तर. होंडाच्या एस२००० किंवा एच२२ इंजिनात लायनर लोखंडाचा नाही, कार्बन आणि ॲल्युमिना तंतूंनी मढवलेला आहे. तिथे बाजारातले नेहमीचे फोर्ज्ड पिस्टन आणि रिंगा चालवणं जोखमीचं असतं, आणि मनासारखा बोअरही वाढवता येत नाही. निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) थर उडालेल्या ब्लॉकचंही तेच. १९९० च्या दशकात गंधक जास्त असलेल्या पेट्रोलने बीएमडब्ल्यूच्या इंजिनांतले असे थर खाल्ले होते. आणि तिसरं, मालकाने हिशोब करून सांगितलं की मला कमी फेऱ्यांवर मूळच्या दुप्पट टॉर्क हवा आहे, इंधन आणि ट्यून दोन्ही तयार आहेत आणि दोन-तीन वर्षांनी इंजिन उघडायची तयारी आहे. अशा माणसाला मी अडवणार नाही. त्याने वरून कॉलरला कॉलर भिडणाऱ्या, म्हणजे डेक बंद करून टाकणाऱ्या स्लीव्ह घ्याव्यात. नुसती जाड नळी ठोकून सिलिंडरचं डोलणं थांबत नाही.

मधल्या पळवाटांवर फार शाई घालवत नाही. डेकच्या फटीत ठोकायचा ब्लॉक गार्ड स्वस्त आणि आकर्षक दिसतो. तो ठोकताना सिलिंडर आतल्या बाजूला दबतो, म्हणून त्यानंतर बोअर पुन्हा मोजून होन केलाच पाहिजे. तो जिथे बसतो तिथेच पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते. लोक तो घरी हातोडीने बसवतात आणि गोलाई मोजत नाहीत. बाहेरून भोकं पाडून स्क्रूचा आधार देणं त्यापेक्षा बरं, पण तो आधार एका बिंदूवर मिळतो आणि जास्त आवळला तर तिथेच फुगवटा येतो. पाण्याच्या जागेत सिमेंटसारखं भरण ओतणं हे सरळ धावपट्टीवर काही सेकंद पळणाऱ्या गाड्यांचं काम. रोजच्या गाडीत तेल इतकं तापेल की दुसराच आजार सुरू होईल.

ज्यांचं ठरलंच आहे त्यांनी मशीन शॉपला तीन गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर गोलमोल आलं तर ब्लॉक उचलून परत आणावा. होनिंग टॉर्क प्लेट (हेडऐवजी ब्लॉकवर आवळायची जाड पाटी) लावून करणार का? हेड आवळल्यावर बोअर एक-दोन शतांशांनी वाकडा होतो. प्लेट न लावता गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही, आणि मग तेल पिणाऱ्या इंजिनाचा दोष बिचाऱ्या रिंगांवर जातो. प्लेट आवळताना गाडीत लागणारेच स्टड आणि त्याच जातीचं गॅस्केट वापरणार का? आणि स्लीव्ह बसल्यावर डेकचं फेसिंग करून प्रत्येक कॉलरची उंची कागदावर लिहून देणार का?

लेखमालेच्या पुढच्या भागात तो तक्ता पुन्हा छापणार असाल तर हॉर्सपॉवरच्या शेजारी दोन रकाने वाढवावेत, टॉर्क किती आणि कितीव्या फेरीला. बोअरचा व्यास आणि डेक उघडा की बंद, हेही त्यात बसलं तर फार उत्तम. आणि 'नुकसान काही नाही' हे वाक्य कृपया काढून टाकावं.

आपला,
एक निवृत्त बोअरिंग कारागीर